साबुत गहू

१२ फेब्रुवारी १९८६

ही डायरी यांची आहे, १९८३ सालची. टाइम ऑफिसच्या हेडक्लार्कला पोलादाच्या प्लांटमधून दर वर्षी एक मिळायची. ९ ऑगस्टपर्यंत यांचं अक्षर आहे, पुढची पानं कोरी. कोरं पान टाकून देणं मला जमत नाही. छापलेली तारीख खोडून वर आजची लिहिली आहे.

मी चौथी शिकलेली. पुढचं वाचन इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातून झालं, आणि लिहायला यांनी लावलं. तीन वर्षं लिहिलं नव्हतं. आज लिहायला कारण झालं.

दिवाकरला साखर निघाली.

तो रेल मिलमध्ये क्रेन चालवतो. छपराखाली, जमिनीपासून चाळीस फूट वर, काचेच्या केबिनमध्ये बसून लोखंडी रूळ उचलतो. काल क्रेनवाल्यांची वर्षाची तपासणी होती. उपाशीपोटी एकशे ऐंशी, जेवल्यावर दोनशे साठ. वय चौतीस. यांना निघाली तेव्हा हे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

डॉक्टरांनी गोळी दिली, पथ्य सांगितलं, रोज चालायला सांगितलं. मेच्या मध्यात मेडिकल बोर्डासमोर जायचं आहे. साखर उतरली नाही तर क्रेन सुटेल.

"सुटली तं सुटली," शैला म्हणाली. शैला माझी सून. "जमिनीवर काय माणसं काम करून नाही राहिले?"

"जमिनीवर कोनीही काम करते," दिवाकर म्हणाला. "वर बसाले आठ वर्षं लागले मले."

पोळीचा शेवटचा घास कसाबसा गिळून उठला. त्या घासात मला हे दिसले.

१५ फेब्रुवारी

यांची पानं चाळली. यांना साखरेचा आजार सहा वर्षं होता. शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी घरीच लघवी तपासायला सांगितली होती. काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली. चमचाभर निळं औषध, त्यात आठ थेंब, मग उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त. विटेसारखं लाल झालं तर फार.

हे न्हाणीघरात दार लावून स्वतःच तपासायचे आणि रोज इथे लिहायचे.

"३ मार्च. कलावतीने बासुंदी केली. छान झाली. निळा."
"४ मार्च. वरण-भात, तूप, भरली वांगी. छान. निळा."

कलावती म्हणजे मी. ऑगस्टपर्यंत निळा, निळा, निळा. १० ऑगस्टला यांना पायाच्या जखमेसाठी भरती केलं. आधी अंगठा काढला, मग मूत्रपिंडं थकली. एकवीस दिवसांत गेले. रोज निळा येत असताना पाय कसा सडला, हे मला अजून कळलेलं नाही. ज्याचं त्याचं प्रारब्ध.

नळी, दिवा आणि बाटली मी देवाच्या कपाटात ठेवली आहे. बाटली जवळजवळ भरलेली आहे. मी मोठी आणली असेन बहुतेक.

दिवाकरला म्हटलं, घरीच तपासत जाऊ. "राहू दे आई, रक्त तपासतातच," म्हणाला.

२३ फेब्रुवारी

दुर्गला शैलाच्या माहेरी गेलो होतो. परत येताना स्टेशनवर हिंदीतली एक पातळ पुस्तिका घेतली, आहाराने रोग बरे करण्याची. हिंदी मी वाचते, थोडं अडखळत. मधुमेहाच्या पानावर लिहिलं आहे, "अंकुरित साबुत अनाज". मोड आलेल्या धान्याने साखर हळूहळू चढते, पोट भरलेलं राहतं, माणूस सुटत नाही.

हे मला आधी का सापडलं नाही?

साबुत म्हणजे शाबूत. किडका, फुटका दाणा नको. आज दोन तास गहू निवडले. एकेक दाणा बोटाने फिरवून पाहिला.

२६ फेब्रुवारी

गहू रात्रभर भिजवून यांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधले आणि खिडकीला टांगले. परवा नाकं फुटली, आज पेराएवढे मोड आले. दिवाकर तान्हा असताना अमरावतीला सासूबाईंनी सत्त्व करायला शिकवलं होतं. तसंच केलं. पाट्यावर वाटलं, त्याच फडक्यातून पिळलं, चोथा बाजूला काढला आणि पांढरं दूध पातेल्यात मंद आचेवर ठेवलं.

एक नवल झालं. नुसत्या गव्हाचा चीक शिजला की घट्ट होतो. हा आधी जरा दाटला आणि मग पातळ होत गेला. चमच्यावर घेऊन चाखला तर गोड! साखरेचा कण नाही, गुळाचा खडा नाही. आजारी माणसाच्या तोंडाला गोड लागावं म्हणून देवाने दाण्यातच सोय करून ठेवली असेल. माझे डोळे भरून आले. यांना शेवटचे एकवीस दिवस, दवाखान्यात, मी गोड देऊ शकले नव्हते.

"कसं झालं?" दिवाकरला विचारलं.

"छान झालं आई."

वाटी चाटून पुसून रिकामी केली.

चोथा राधाबाई घेऊन गेली. ती कोहक्याहून भांडी घासायला येते. "दाई, येला झन फेंकबे," म्हणाली, फेकू नका. बकरीसाठी नेत असेल.

४ मार्च

रोज सकाळी एक वाटी सत्त्व, संध्याकाळी एक. दिवाकर कधी नाही म्हणत नाही. यांचाही तोच स्वभाव होता. पानातलं कधी उरायचं नाही.

आज तो गोळीचं पाकीट हातात धरून उभा होता. मी म्हटलं, "ह्या गोळ्यांनी तुह्या बाबांचं काय भलं झालं? सहा वर्षं खाल्ल्या. शेवटी अन्नच औषध असते, बाबू."

"तू म्हणते तं बरोबरच असन," तो म्हणाला आणि पाकीट आरशामागे ठेवलं.

बोलून गेले. नंतर वाटलं, डॉक्टरांच्या वर बोलणारी मी कोण? पण तो काही लहान नाही, त्याचं त्याला कळतं.

१९ मार्च

दिवाकरचं पोट उतरलं आहे. पँटला शैलाने आत टीप घातली. मी शेजारच्या वासंतीबाईंना सांगितलं, त्याही सत्त्व शिकून गेल्या.

आरसा पुसताना गोळ्यांचं पाकीट दिसलं. बरंच भरलेलं आहे. डॉक्टरांनी गोळी कमी केली असणार. मी विचारलं नाही. चांगल्या गोष्टीला नजर लागते.

२ एप्रिल

यंदा ऊन लवकर तापलं. माठ दुपारपर्यंत रिकामा होतो. काल दोनदा भरला. दिवाकर ड्यूटीवरून आला की उभ्याउभ्या दोन तांबे पाणी पितो. मिलमधली भट्टीची धग, त्याचं तरी काय चुकलं.

शैलाची कुरकुर सुरू आहे.

"हे दहा वाजताच डबा उघडतात म्हणे. याईच्यासोबतचे सांगत होते."

"भूक लागणं चांगलं लक्षण आहे."

"सकाळी सात वाजता सत्त्व पिऊन गेलेला माणूस दहाले भुकेनं कासावीस होते, तं त्या सत्त्वात काय सत्त्व आहे, आई?"

मला राग आला. सून म्हणून बरी आहे पण तोंडाची फटकळ. मी म्हटलं, "तू करून घाल मग." ती ओट्यावरचं पातेलं घासायला लागली. ते आधीच घासलेलं होतं.

१० एप्रिल

पाडवा. श्रीखंड केलं नाही. गुढीला साखरेची गाठी बांधली, पण घरात कुणी तोडली नाही. दिवाकरला सत्त्वाच्या दोन वाट्या दिल्या.

"छान झालं," म्हणाला. चेहरा उतरलेला होता. दुपारभर झोपला. इतका झोपणारा मुलगा नाही तो. जागरणाची पाळी होती, म्हणून असेल.

यांच्या फोटोला हार घालताना म्हटलं, तुम्हाला वाचवू शकले नाही, याला वाचवते.

२४ एप्रिल

आजचं आजच लिहून ठेवते.

आज सकाळच्या पाळीत दिवाकर क्रेनवर असताना त्याला खालून हाताने खुणा करणारा सिग्नलवाला एकाचे दोन दिसायला लागला. हुकाला रुळांची मोळी होती. कोणता हात खरा आणि कोणता खोटा, ते कळेना. त्याने क्रेन जागच्या जागी थांबवली आणि घंटी वाजवत राहिला. खालची माणसं पळाली. दुसरा ऑपरेटर शिडीने वर गेला, त्याने मोळी खाली घेतली. कुणाला लागलं नाही.

दिवाकरला तेजरामने धरून खाली उतरवलं. तेजराम म्हणजे तोच सिग्नलवाला. त्यानेच मला हे सगळं घरी येऊन सांगितलं. "माताजी, इनका दिमाग ठिकाने था, नहीं तो आज मैं नहीं रहता," म्हणाला. त्याला पाणी द्यायचंही सुचलं नाही मला.

दवाखान्यात रक्त तपासलं. तीनशे चाळीस. लगेच भरती करून घेतलं.

२५ एप्रिल

दवाखान्यात गेले. विजयकुमार डॉक्टर तरुण आहेत, आंध्रातले. हिंदीत विचारलं, गोळी चालू आहे का?

दिवाकरने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "लेता हूँ, सर."

मग खाण्याचं विचारलं. ते मी सांगितलं. सगळं सांगितलं, भिजवणं, मोड, पिळणं, शिजवणं. थोड्या अभिमानानेच सांगितलं असेन. म्हटलं, बिना शक्कर का, फिर भी मीठा.

डॉक्टर लिहायचे थांबले. "माताजी, मीठा है तो कहीं से तो मीठा है," म्हणाले. बाहेर रांग होती, पुढच्याला आत बोलावलं.

अपमान वाटला. मग घरी येईपर्यंत रिक्षात तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

२६ एप्रिल

आज सकाळी दिवाकर भरती असल्यामुळे घरात सत्त्व प्यायला कुणी नव्हतं. पण सवयीने केलं होतं.

देवाच्या कपाटातून नळी, दिवा आणि बाटली काढली. चमचाभर निळं औषध नळीत घेतलं, त्यात सत्त्वाचे आठ थेंब टाकले आणि दिव्यावर धरलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आधी हिरवं, मग पिवळं, मग विटेच्या रंगाचा गाळ नळीच्या बुडाशी बसला.

मी नळी धुतली आणि पुन्हा केलं. पुन्हा वीट.

साधी कणीक पाण्यात कालवून तेच केलं. ती निळीच राहिली.

म्हणजे मोड आल्यावर आणि मंद आचेवर ठेवल्यावर त्या दाण्यात साखर होत होती. म्हणूनच ते पातळ व्हायचं, गोड लागायचं. आणि मी ती पिळून, गाळून, स्वच्छ करून माझ्या मुलाच्या वाटीत ओतत होते. दोन महिने, दिवसातून दोनदा. यांच्याच धोतराच्या फडक्यातून.

बाटलीचं बूच लावायला गेले आणि बाटलीकडे पाहत राहिले.

बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. मी काढलेले तीन चमचे तेवढे कमी.

फेब्रुवारी ते ऑगस्ट, रोज एक चमचा. दोनशेच्या जवळ चमचे होतात. ही बाटली मोठी नाही. सगळी मिळून शंभर चमचेही मावायचे नाहीत. दुसरी बाटली घरात कधी आली नाही. आणली असती तर मीच आणली असती, कारण औषधाच्या दुकानात मीच जायची.

दार लावून हे न्हाणीघरात काय करत बसायचे?

पानं पुन्हा वाचली. "बासुंदी. छान झाली. निळा." "पुरणपोळी, दोन. छान. निळा." एका रंगाच्या शाईने, एका सरळ ओळीत. ३१ जुलै ते ९ ऑगस्ट असे दहा दिवस तर एकाच बैठकीत लिहिलेले दिसतात. हेडक्लार्कचं अक्षर, हजेरीपट भरल्यासारखं.

आज याहून जास्त लिहिता येत नाही.

२७ एप्रिल

राधाबाई आली. चोथा तिच्यासाठी डब्यात काढून ठेवला होता. मी म्हटलं, "तुझी बकरी रुसली असेल, दोन दिवस मिळाला नाही."

"छेरी? मोर घर छेरी नइ हे, दाई." तिच्याकडे बकरी कधीच नव्हती.

"मग चोथ्याचं काय करतेस?"

ती लाजली. चोथा तांदळाच्या पिठात मिसळून ती जाड रोटी करते. ती आणि तिचा नवरा सुखराम खातात. सकाळी एक खाल्ली की, "संझा तक पेट भरे रहिथे." संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही.

दहा वाजता डबा उघडणारा माझा मुलगा, आणि संध्याकाळपर्यंत भूक न लागणारी राधाबाई. दाणा एकच.

मी पुस्तिका काढून शैलासमोर ठेवली. ती दुर्गला हिंदी शाळेत शिकलेली. "साबुत म्हणजे काय गं?"

"साबुत म्हणजे अख्खं, आई. साबुत मसूर नाही का आणत आपण? साल न काढलेली, न भरडलेली."

"शाबूत नाही? न किडलेलं?"

"नाही जी. सालासकट, कोंड्यासकट. पोटात जाईपर्यंत अख्खं."

दोन तास बसून मी फुटके दाणे वेचून टाकले होते आणि मग चांगले दाणे पिळून त्यांचं अख्खेपणच काढून टाकलं होतं. शैलाला हसू येईल असं वाटलं. ती हसली नाही.

"तुला कळत होतं तर बोलली का नाहीस?"

"बोलली होती ना. तुम्ही म्हटलं, तू करून घाल."

थोडा वेळ ती तांदूळ निवडत राहिली. मग वर न पाहता म्हणाली, "या घरात तुमच्या जेवणाले कोनी नाही म्हणत नाही, आई. तुम्हाले वाईट वाटते म्हणून. बाबा पान सरकवायचे नाहीत, कारण सरकवलं तं तुम्ही उपाशी झोपायच्या. लग्न होऊन आली तवा पहिल्याच महिन्यात याईनं, तुमच्या लेकानं, मले सांगून ठेवलं होतं. आईनं वाढलं की खायाचं."

ती हे रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मी भांडले तरी असते.

२९ एप्रिल

दिवाकर घरी आला. जेवण झाल्यावर त्याच्यापुढे बाटली ठेवली, डायरी ठेवली आणि गोळ्यांचं पाकीट ठेवलं. पाकिटातल्या फक्त सहा गोळ्या कमी होत्या.

"कावून नाही खाल्ल्या?"

"तूच म्हणली ना, गोळीनं बाबाचं काय भलं झालं."

"मी म्हणली. पण डॉक्टर काय म्हणले होते?"

तो नखाने पाकिटाचा चंदेरी कागद खरवडत बसला. "मलेही खायच्या नव्हत्या. गोळी खाल्ली की आपून बाबा झालो असं वाटे. तुह्या सत्त्वानं बरं झालं असतं तं कोनाले सांगाचं काम नव्हतं."

मग मी बाटलीकडे बोट दाखवलं. "हे माहीत होतं तुले?"

त्याने बाटली उचलली, उजेडात धरली आणि परत ठेवली.

"एकदा विचारलं होतं मी बाबाले. मनले, बाबू, नळी लाल झाली तं तुही आई स्वयंपाकघरात जानं सोडन. तिच्याजवळ दुसरं काय आहे?"

दिवाकर रडत होता. चौतीस वर्षांचा माणूस, पाठीवर हात ठेवला तर खांद्याची हाडं हाताला लागली. दोन महिन्यांत इतका वाळला आणि पँटला टीप घालावी लागली म्हणून मी आनंद मानला.

यांच्यावर राग येतो आहे. तीन वर्षांत पहिल्यांदा आला. माझ्याजवळ दुसरं काय आहे, हे मला तरी विचारायचं.

७ मे

डॉक्टरांना जाऊन खरं सांगितलं, गोळ्यांचंही आणि नळीचंही. ते रागावले, आणि मग थोडं हसले. नळीत सत्त्व उकळून पाहणारी बाई त्यांना पहिल्यांदाच भेटली म्हणाले. पण हेही म्हणाले की कणीक नळीत निळी राहिली म्हणून खुशाल खाऊ नका, पोटात गेल्यावर तीही साखरच होते. फरक एवढाच की कोंड्यासकट, जाडसर खाल्लं की हळूहळू होते, आणि गाळलेलं, पातळ प्यायलं की एकदम. मोड आलेलं अख्खं धान्य चांगलंच आहे, पण मापाने, आणि गोळीच्या जागी नाही, गोळीसोबत.

हे सगळं पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं.

राधाबाईकडून शिकून घेतलं. आता मोड येऊ देत नाही, नुसतं नाक फुटलं की पुरे. मग सगळं जाडसर वाटायचं, गाळायचं काही नाही, तव्यावर जाड थापायचं. सोबत मुगाची उसळ. भात दोन चमचे. यांचं फडकं धुऊन घडी करून ठेवलं.

९ मे

"कसं झालं?" मी विचारलं.

दिवाकर नेहमीप्रमाणे "छा" म्हणून थांबला. शैला त्याच्याकडे पाहत होती.

"खरं सांगू, आई?"

"सांग."

"पोतं चावून राहिलो असं वाटते."

शैलाच्या तोंडातला घास बाहेर आला. मी पण हसले. मग आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिले थोडा वेळ. वाईट वाटलंच. वाटू दिलं. परत येऊन पानावर बसले आणि जेवले. पोतंच होतं.

उद्या थोडा ओवा आणि हिरवी मिरची घालून पाहीन.

१६ मे

बोर्ड झालं. उपाशीपोटी एकशे पन्नास, जेवल्यावर दोनशे दहा. उतरली आहे, पण पुरेशी नाही. शिवाय एप्रिलचा प्रसंग कागदावर आहे. क्रेन बंद. सहा महिने टूल-स्टोअरमध्ये जमिनीवर काम. नोव्हेंबरमध्ये पुन्हा तपासणी, तेव्हाही देतीलच असं नाही.

दिवाकर घरी आला, बूट काढले आणि छपराकडे पाहत बसला. घराचं छप्पर दहा फुटांवर.

मी चहा नेला, बिनसाखरेचा. म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

नाही म्हणेल असं वाटलं होतं. आधीचा दिवाकर असता तर म्हणाला असता.

"थोडं तुह्यामुळे," तो म्हणाला. "थोडं माह्यामुळे. थोडं बाबामुळे."

चहा घेतला आणि म्हणाला, "पानी जास्त झालं यात."

१ जून

संध्याकाळी दिवाकर रिसालीच्या तळ्यापर्यंत चालून येतो. तेजराम सोबत असतो. माठ आता दिवसभर पुरतो.

आज पहिल्यांदा त्याने स्वतः बाटली मागितली. न्हाणीघरात गेला नाही. ओट्यावरच दिवा लावला, माझ्यासमोर. आम्ही दोघं नळीकडे पाहत उभे होतो. उकळी आली. मला निळा हवा होता. मनातल्या मनात यांना म्हटलंसुद्धा, एवढा एक निळा द्या.

रंग बदलला आणि तिथेच थांबला.

दिवाकरने डायरी पुढे केली. "तू लिही. तुहं अक्षर चांगलं आहे."

१ जून. पोतं, ओवा घालून. मुगाची उसळ. आवडलं नाही, पण खाल्लं. गोळी घेतली. हिरवा.